हरकतकाकांची निवड

आमच्या चर्चच्या मंडळीत एक हरकतकाका होते. पाळकसाहेबांच्या प्रवचनात मध्येच उभे राहून ते चुका काढत. एकदा ‘आमेन’ घाईत झालं म्हणून त्यांनी अख्खी प्रार्थना परत करायला लावली. म्हणून धर्मप्रांताच्या सभेसाठी प्रतिनिधी निवडायची वेळ आली, तेव्हा पाळकसाहेब काकांसाठी मतं मागत घरोघर फिरले. सभा लांबच्या शहरात भरायची, तेवढे रविवार तरी शांततेत जातील. काका निवडून आले. त्यांनी त्यावरही हरकत घेतली, ती फेटाळली गेली.

पुढच्याच आठवड्यात त्याच सभेसाठी आसपासच्या पाळकांनी आपला प्रतिनिधी म्हणून पाळकसाहेबांना निवडलं. “अखेर आपल्याला कुणीतरी ओळखलं,” ते बायकोला म्हणाले.

सभेत खुर्च्यांच्या रांगांवरूनच चार जणांनी हरकत घेतली, पाचव्याने त्या चौघांवर.

“काका, इथे सगळे तुमच्यासारखेच कसे हो?”

“साहेब, जो घरात झेपत नाही, त्यालाच सगळे इथे धाडतात. मला काय कळत नाही होय?”

पाळकसाहेब पोट धरून हसले.

“तुम्हाला किती मतं पडली?” काकांनी विचारलं.

“सगळीच्या सगळी,” पाळकसाहेब ऐटीत म्हणाले, आणि मग आपण कुणाकुणाला झेपत नव्हतो, ते बोटांवर मोजू लागले.