मागल्या दारची बाई

बहात्तर साली मी आमच्या चाकणच्या घराण्याची वंशावळ लिहायला घेतली. जुन्या वंशावळीत नुसते पुरुष होते. मला बायकांची नावं हवी होती. म्हणून पणजोबांच्या, इंग्रज अमलातल्या मृत्युपत्राची नक्कल काढली.

जमीन मुलांना. शेवटी एक ओळ: "मागल्या दारच्या बाईस रोज पहिले ताट द्यावे. खंड पडू नये." नाव नाही.

आई तेव्हाही आमच्याआधी एक ताट वाढायची. लहानपणी वाटायचं, गायीचं असेल. पण आता आम्ही राहायचो त्या पिंपरीच्या कंपनी क्वार्टरमध्ये, दुसऱ्या मजल्यावर, कुठली गाय?

"आई, हे ताट कुणाचं?"

"घरातलीच हाय ती. हितं मागलं दार न्हाई, म्हनून भिंतीशी ठिवते."

त्या भिंतीपलीकडे मोकळी हवा आणि खाली कंपनीच्या बसचा थांबा होता.

"नाव काय तिचं?"

"कुनी इचारलं न्हाई, शकू. तूबी इचारू नगं."

मी पेन्सिल घेऊन ताटाशी बसले.

"नाव सांगा," मी भिंतीला म्हणाले. "लिहून घेतल्याशिवाय मी उठायची नाही."

आई डोक्यावर पदर घेऊन उभी राहिली.

भिंतीतून कडी काढल्याचा आवाज आला.