डावी बाही उजवीकडे

मास्तर ग्रुपमधून बाहेर पडले तेव्हा ती अजून हसतच होती.

ग्रुपचं नाव ‘उसवण’. तो तिनंच काढलेला, आणि त्यात सगळी शिवणकाम करणारी मंडळी. ज्याच्या हातून काही बिघडेल त्यानं त्याचा फोटो टाकायचा आणि बाकीच्यांनी त्याची मनसोक्त फिरकी घ्यायची, असा तिथला रिवाज. आज मास्तरांनी एक कॉलर टाकली होती. मास्तर म्हणजे तिला कात्री धरायला शिकवणारा माणूस. त्यांच्या कॉलरची दोन टोकं वर-खाली झालेली पाहून सगळ्यांच्या मस्करीला नुसता ऊत आला होता.

“साधी मस्करी केली, तर एवढं काय रागवायचं?” ती सासूबाईंना म्हणाली.

सासूबाई समोर वाटाणे सोलत बसल्या होत्या. काय काय लिहिलंय ते वाचून दाखव म्हणाल्या. तिनं एकेक वाचायला घेतलं. एकानं लिहिलं होतं, एक टोक कामावर निघालंय आणि दुसरं अजून अंथरुणात लोळतंय. दुसरीनं सल्ला दिला होता की वारा सुटला तर गिऱ्हाइकाला धरून ठेवा, उडेल. सासूबाईंना हसू आवरेना; हातातला वाटाणा टुणकन उडाला आणि कपाटाखाली गेला. मग तिनं स्वतःचं वाचलं: “मास्तर, हात थरथरायला लागले की माणसानं कात्री खाली ठेवावी.” त्याखाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली होती. सासूबाई मात्र हसल्या नाहीत.

“थरथरतात का त्यांचे हात?”

“थोडे,” ती म्हणाली. तिनं ते पाहिलं होतं. पाहिलं होतं म्हणूनच सुचलं होतं.

“कॉलर उसवता येते गं. हात कसे उसवणार?” असं म्हणून सासूबाई वाटाणा शोधायला वाकल्या.

तिला राग आला. आधी सासूबाईंचा, मग स्वतःचा. मास्तरांना फोन लावला तर त्यांनी उचलला नाही. एका गिऱ्हाइकाचा कोट अर्धवट पडला होता म्हणून ती मशीनवर बसली आणि बाह्या लावायला घेतल्या. पण लक्ष कुठे होतं? तिनं दुकान थाटलं तेव्हा स्वतःची इस्त्री उचलून आणून देणारे मास्तर आता पुन्हा बोललेच नाहीत तर काय करायचं, हेच डोक्यात घोळत होतं. बाह्या लावून झाल्यावर तिनं कोट हँगरला अडकवला आणि कपाळावर हात मारला. डावी बाही उजवीकडे गेली होती आणि उजवी डावीकडे. बाही जराशी पुढे वळलेली असते, माणसाचा हात वळतो तशी. या दोन्ही मागे वळल्या होत्या. पहिल्या महिन्यात शिकाऊ माणूस करतो ती चूक तिनं इतक्या वर्षांनी केली होती.

तिनं कोट काखोटीला मारला आणि तडक मास्तरांचं दुकान गाठलं.

मास्तर त्या कॉलरशीच झटत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“मास्तर, माझं चुकलं,” तिनं कोट पुढे केला.

“कोटाचं म्हणतेस?”

“दोन्हीचं.”

तेव्हा कुठे मास्तर उठले. कोट खुंटीला लावला, पुढून पाहिला, मागून पाहिला, चष्मा वर करून पुन्हा पुढून पाहिला.

“हे गिऱ्हाईक टाळ्या पाठीमागे वाजवतं वाटतं,” ते म्हणाले.

तिला खदखदून हसू आलं आणि हसता हसता डोळे भरले. मास्तरांनी तिला स्टूल सरकवलं.

“लागलं मला ते,” ते म्हणाले. “बाकीच्यांचं वाचून मीही हसत होतो. तुझं वाचलं आणि हात खिशात घातले.”

तिनं उसवायला कोट खुंटीवरून काढला.  उसवायच्या आधी फोटो काढ, असं मास्तरांनी फर्मावलं, तेव्हा तिनं गुपचूप काढला. मग एक बाही त्यांनी घेतली, एक तिनं, आणि दोघं शेजारी बसून टाके उसवत राहिली. उसवून झाल्यावर मास्तरांनी सुई-दोरा तिच्यापुढे धरला.

“ओवून दे. कात्री अजून खाली ठेवलेली नाही मी.”

तिनं सुई ओवून दिली.

“फोटो टाकलास का?”

“तुम्हीच नाही तिथे. कुणासाठी टाकू?”

“मग घे मला आत. टाळ्यांचं आधी मीच लिहिणार.”

तिनं त्यांना ग्रुपमध्ये परत घेतलं आणि फोटो टाकला. मास्तर एका बोटानं टाइप करू लागले. बोट भलत्याच अक्षरावर पडायचं, ते पुसायचे, पुन्हा लिहायचे. तिनं हळूच डोकावलं. ‘शिवणारीचं डोकं’ इतकं झालं होतं.

मास्तरांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं.

“लिहा की,” ती म्हणाली. “आज माझा नंबर.”

मास्तरांनी फोन जवळ धरला. मग थरथरत्या बोटानं त्यांनी एकेक अक्षर पुसलं आणि त्या जागी ‘या कोटाचं गिऱ्हाईक’ असं लिहायला घेतलं.