टाकीतले हिरवे फुगे

समुद्री माशांच्या आमच्या टाकीत मण्यांएवढे हिरवे, चकचकीत फुगे उगवले, तेव्हा ते शेवाळ आहे हे घरात फक्त मला ओळखता आलं. जीवशास्त्रात पैकीच्या पैकी उगाच नाही मिळत. उपायही मलाच ठाऊक होता. एकेक फुगा चिमट्याने अलगद सोडवून बाहेर काढायचा. तो फुटला, तर आतले बीजाणू पाण्यात पसरतात आणि टाकी हातची जाते.

"आल्या डॉक्टरीणबाई," मागे सोफ्यावर लोळत ताई म्हणाली. "पेशंट दगावला तर बाबांना तूच सांगायचंस."

पहिले सहा फुगे मी ऐटीत काढले. प्रत्येकावर आमची खोली इवलीशी उमटली होती. खिडकी, माझं भलंमोठं नाक, मागे सोफा. सोफा रिकामा होता.

मी वळून पाहिलं. ताई तिथेच होती.

"काय गं?"

"काही नाही. हात हलव बरं."

तिने हलवला. सातव्या फुग्यातही सोफा रिकामाच राहिला.

शेवटचा फुगा द्राक्षाएवढा होता. चिमट्यात धरून मी तो उजेडाकडे नेला. त्यात खोली दिसतच नव्हती. आत ताई होती, नखाएवढी, दोन्ही तळवे हिरव्या भिंतीला टेकवून. तिचं तोंड उघडं होतं, पण आवाज बाहेर येत नव्हता.

मागे सोफ्याच्या स्प्रिंगा करकरल्या. पावलं माझ्या पाठीशी येऊन थांबली.

"थांबलीस का गं?" ताईचाच आवाज, अगदी लाडात आलेला. "दाब ना जरा."