रविवारची वाफेची गाडी

तात्यांनी निळा डगला वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीच्या तळाशी कोंबला, वर पत्त्यांचा कॅट ठेवला आणि ते बाहेरच्या खोलीत आले. सून दारात बुटांच्या नाड्या बांधत होती.

“एवढ्या सकाळी कुठे?”

“मित्राकडे. पत्ते खेळायला.”

“साडेसहाला?”

“त्याला झोपच लागत नाही हल्ली.”

सुनेने त्यांच्याकडे क्षणभर पाहिलं. “बरं. माझंही प्रशिक्षण आहे, संध्याकाळ होईल यायला. फार वेळ उभे राहू नका.”

“पत्ते कोण उभ्याने खेळतं?” तात्या म्हणाले. तिची स्कूटर कोपऱ्यावरून वळल्याचा आवाज आल्यावरच त्यांनी दाराला कुलूप लावलं.

मुलगा जहाजावर नोकरीला, वर्षातून दोनदा घरी. त्यामुळे घरात सासरे आणि सून दोघंच. पंख्याची धूळ पुसताना तात्या स्टुलावरून पडले, तेव्हापासून तिने त्यांना स्टूल, शिडी आणि गच्ची, तिन्ही बंद केली होती. शाळेत ती विज्ञान शिकवायची आणि घरीही तिचा शब्द फळ्यावर लिहिल्यासारखा असायचा. अशा सुनेला कोणत्या तोंडाने सांगायचं, की मी आज वाफेचं इंजिन चालवायला जातोय?

पत्र महिन्यापूर्वी आलं होतं. जुनी इंजिनं जपणाऱ्या मंडळींनी तात्या नोकरीत असताना चालवायचे तेच इंजिन गंजलेल्या रुळांवरून, वेलींच्या जाळ्यातून सोडवून आणलं होतं. आठ वर्षं खपून त्याला पुन्हा उभं केलं होतं. आज त्याची पहिली सहल. पण या जातीचं इंजिन हाताळलेला चालक असेल तरच परवानगी, नाहीतर त्याची रवानगी बागेतल्या चौथऱ्यावर. डॉक्टरांनी तात्यांना दोनदा तपासून कागद दिला होता. महिनाभर ते फिरायला जातो सांगून शेडमध्ये जात होते, फेऱ्या मारून हात बसवत होते. सुनेला पत्ता नव्हता.

बसमध्ये खिडकीशी बसल्यावर त्यांना जुन्या सहली आठवल्या. नवे कपडे घालून आलेली माणसं दिवसाअखेर काजळीने माखून, पण हसत उतरायची. तळ्याकाठच्या वळणावर सगळ्यांना खाली उतरवायचं, गाडी मागे न्यायची आणि भरपूर धूर काढत पुन्हा पुढे आणायची, केवळ त्यांना फोटो काढता यावा म्हणून. त्याच वळणावर एका मुलीच्या डोळ्यात कोळशाचा कण गेला होता. तात्यांनी खाली उतरून रुमालाच्या टोकाने तो काढला. पुढे पस्तीस वर्षं ती त्यांना म्हणायची, “तुम्ही मुद्दामच उडवला होता.”

शेडमध्ये इंजिन चकचकीत उभं होतं. भट्टी कालच पेटवलेली. शेडप्रमुख हात पुसत पुढे आले.

“या तात्या. तुमचा रोजचा फायरमन आजारी पडलाय. पण काळजी नको, बदली माणूस आहे. दर शनिवार-रविवारी येतात, दोन वर्षं झाली. काम एकदम चोख.”

“मी कधी पाहिलं नाही त्यांना.”

“तुम्ही सकाळी यायचात, ती पाळी संध्याकाळची. तुमचं नाव समितीत त्यांनीच सुचवलं होतं.”

कुणा जुन्या सहकाऱ्याचा मुलगा असणार, तात्यांनी मनाशी ताडलं. त्यांनी डगला चढवला. पोटाशी जरा ताणला, पण बटणं लागली. चाकांना तेल मिळालंय का ते वाकून पाहिलं, ब्रेकचे सांधे हाताने चाचपले. मग शेडच्या मागच्या दारातून फलाटाकडे नजर गेली.

सायकलींच्या रांगेत सुनेची स्कूटर उभी होती. फुटलेला आरसा, हँडलला बांधलेली हिरवी सुतळी. शंकाच नको.

“मेलो,” ते पुटपुटले.

“काय झालं?”

“सून आलीय. कुणीतरी चुगली केली. मला हाताला धरून घरी नेईल.”

“मग? बोलू का मी त्यांच्याशी?”

“तिच्याशी बोलून आजवर कुणी जिंकलं नाही. फलाटावर दीडशे माणसं तिकिटं घेऊन बसलीत. गाडी एकदा हलली की ती काय करणार?” तात्यांनी टोपी कपाळावर ओढली. “कुणी विचारलं तर मी आलोच नाही.”

शेडप्रमुखांनी खोकल्यासारखं काहीतरी केलं. “जसं तुम्ही म्हणाल.”

तात्या फलाटाची बाजू टाळून, खडीवरून वाकत वाकत इंजिनाच्या पलीकडे गेले. सत्तरी ओलांडलेला माणूस, पण दांडा धरून तीन पायऱ्या चढताना गुडघ्यांनी कुरकूर केली नाही. आत धग होती, गरम तेलाचा वास होता. फायरमन पाठमोरा, टोपी आणि फडक्याने डोकं गुंडाळलेला, भट्टीत कोळसा टाकत होता. एक फावडं डाव्या कोपऱ्यात, एक उजव्या, एक दाराशी. कुठेही ढीग नाही. तात्यांना बरं वाटलं. असा हात हल्ली बघायला मिळत नाही.

“छान,” ते दबक्या आवाजात म्हणाले. “पण जरा लवकर आटपा. माझ्या घरचं माणूस मला शोधत फिरतंय.”

फायरमनने भट्टीचं दार लोटलं, फावडं कडेला टेकवलं आणि काजळीने काळा झालेला चेहरा त्यांच्याकडे वळवला.

“वाफ पूर्ण चढलीय, तात्या,” सून म्हणाली. “तुम्ही म्हणाल तेव्हा निघू.”