संशयितांची नोंदवही

धरणाच्या भिंतीकडे दुर्बिणीतून पाहायला सक्त मनाई होती आणि निवृत्त शिक्षिका असलेल्या बाई रोज सकाळी नेमकं तेच करत. गेटवरचा पहारेकरी त्यांना रोज पकडे, कसून चौकशी करी, नोंदवहीत ‘संशयित : एक’ असं लिही आणि सोडून देई. एके दिवशी मोठे साहेब तपासणीला आले आणि बाई आयत्याच सापडल्या.

“ती दुर्बीण इकडे द्या. काय बघत होतात?”

बाईंनी दुर्बीण काढून दिली. “तारेवरचा तो पक्षी... शिक्रा.”

“साहेब, साफ खोटं!” पहारेकरी ताडकन म्हणाला. “ती कापशी घार आहे. खांद्यावरचा काळा पट्टा बघा की!”

“तुला रे काय कळतं त्यातलं?”

“सहा महिने रोज पकडतोय यांना, साहेब. चौकशीत सगळं बाहेर येतं.”

बाईंची मान एकदम ताठ झाली. पस्तीस वर्षं वर्गात घसा कोरडा केला, पण त्यांचीच चूक काढणारा विद्यार्थी आज कुठे तयार झाला होता.

शहानिशा करायला साहेबांनी जप्त केलेली दुर्बीण भिंतीवरच्या तारेकडे रोखली. दुर्बीण काही त्यांच्या डोळ्यांवरून खाली येईना.

पहारेकऱ्याने मुकाट्याने नोंदवही उघडली आणि लिहिलं, ‘संशयित : दोन.’