शेवटचा हौद

बांगलादेशातल्या नारायणगंजच्या एका कापड रंगवणाऱ्या कारखान्याला स्वस्त कर्ज हवं होतं, पण मध्यवर्ती बँकेचा नियम कडक होता: सांडपाणी शुद्ध करून सोडत असाल, तरच. बँकेतली तहमिना पाहणीला आली, तसं मॅनेजर लुत्फरनं तिला थेट शुद्ध केलेलं पाणी साठणाऱ्या शेवटच्या हौदापाशी नेलं.

"बघा आपा, पाणी इतकं स्वच्छ की मासे पोहतायत! करा सही, चहा गार होतोय."

तिनं पेन उघडलं, हौदात वाकून पाहिलं आणि तिचा हात थबकला.

"काय आपा, आता माशांचीही सही घेणार का?" लुत्फर हसला, पण त्याला घाम फुटला होता.

शेपटी तुटलेला एक रोहू काठाशी आला.



हाच रोहू दाखवून सोमवारी नदीपलीकडच्या कारखान्यानं तिची सही घेतली होती.