तारकासखीचा सातवा अध्याय

निळीच्या ओठातून रक्त आलं आणि हातोड्याने हातातला घास परत डब्यात ठेवला.

निळी म्हणजे मोबाइलच्या पडद्यावरची, चांदणीची कांडी फिरवणारी जादूची पोरगी. आणि हातोडा म्हणजे गॅरेजातला डेंटर. ठोकरलेल्या गाड्यांचे पत्रे ठोकून सरळ करायचे, हे त्याचं काम. मनगट असं, की एकदा भांडणात त्याने एका ट्रकवाल्याचा जबडा एकाच ठोशात निखळवला होता. असा माणूस जेवणाच्या सुट्टीत ‘तारकासखी’ नावाचा गुलाबी, लाडिक प्रेमकथेचा खेळ खेळत बसतो, म्हणून सगळे त्याची टर उडवत.

“हातोडेराव, लग्नात आहेर काय आणू? कांडी?” पेंटरने विचारलं.

“दात आण. तुझे पुरायचे नाहीत,” हातोडा मान वर न करता म्हणाला.

हा नाद त्याला बहिणीने, चिमणीने लावला होता. गेल्या वर्षी जॅक निसटून त्याच्या पायावर गाडी आली, तेव्हा दोन महिने तो पलंगाला खिळून होता. तिने आपल्या घरच्या टॅबवरचंच खातं त्याच्या मोबाइलवर उघडून दिलं. “गोष्ट वाचत जायची आणि निळीने पुढे काय करायचं ते आपण ठरवायचं. फक्त माझ्या नोंदी पुसू नकोस हं, दादा.” पाय बरा झाला, खेळ काही सुटला नाही.

सातव्या अध्यायात निळीच्या राजकुमारावर सावलीचा शाप चढतो आणि तो तिलाच झोडपून काढतो. मग पडद्यावर तीन पर्याय येतात: कांडी उगार, निघून जा, सहन कर. हातोड्याने कांडी उगारली. राजकुमार भिंतीवर आपटला, बरगड्या मोडल्याचा आवाज झाला. हातोड्याला बरं वाटलं.

एरवी खेळ आपोआप जतन व्हायचा. आज हा क्षण वेगळा ठेवायला तो पहिल्यांदाच नोंदींच्या यादीत गेला, तर तिथे त्याने न केलेल्या नोंदी होत्या. एकोणीस. सगळ्या गेल्या दोन महिन्यांतल्या, सगळ्या सातव्या अध्यायाच्या आणि प्रत्येकीत पर्याय एकच: सहन कर. वेळही ठरलेली, सकाळचे अकरा-सव्वाअकरा. प्रत्येक नोंदीखाली एक ओळ लिहिलेली.

“आज दार उघडं होतं. तरी पाय निघाला नाही.”

“कानात अजून शिट्टी वाजते आहे.”

“हात उगारवला नाही. उगारला असता तर काय झालं असतं?”

आणि आजची नोंद: “काल गळा धरला. पुढच्या खेपेला सोडणार नाही बहुतेक.”

हातोड्याच्या कपाळाची शीर तडतडायला लागली. गेल्याच आठवड्यात चिमणी आली होती. उजव्या हाताची बोटं सुजलेली, पेरांवरची कातडी सोललेली. बेकरीत ट्रे लागला, म्हणाली होती. त्याने तिला फोन लावला. ती कामावरच होती. पहाटे पाचला जायची, दोनला सुटायची; आता दीड वाजत आला होता.

“चिमणे, घरी सगळं ठीक आहे ना?”

“ठीकच की. का रे?”

“तुझा घड्याळजी नीट वागतो?”

“नवरा-बायको म्हटल्यावर कधीमधी तापतंच. मग निवळतं. तुला कुणी काही सांगितलं का?”

“कुणी नाही.”

“मग तू यात पडू नकोस, दादा. माझं मी बघून घेते.”

तिच्या आवाजातली धार त्याने आजवर ऐकली नव्हती. किती घाबरली असेल, असं त्याला वाटलं. पेंटरने हाक मारली, पण तो स्कूटरवर बसलाही होता.

चिमणीचा नवरा घरीच घड्याळं दुरुस्त करायचा. बारीक, किडकिडीत, खाली मान घालून बोलणारा माणूस. असलेच आतल्या गाठीचे असतात, असं हातोड्याचं पहिल्यापासूनचं मत. दार उघडताच त्याने घड्याळजीची कॉलर धरून त्याला आत ढकललं. टेबल उलटलं, काचा फुटल्या, चाकं-स्प्रिंगा फरशीभर झाल्या.

“दादा, काय झालं?”

पहिला ठोसा नाकावर बसला. हाड कट्कन वाजलं. दुसरा पोटात. घड्याळजी काचांवर कोसळला, तसा हातोड्याने त्याच्या बरगडीत लाथ घातली. घड्याळजीने ना हात उचलला, ना ओरडला. गुडघे छातीशी घेऊन, डोकं हातांत झाकून तो पडून राहिला. ते बघून हातोडा जास्तच भडकला.

“पोरीवर हात टाकताना बरी ताकद येते रे तुला!”

त्याने मोबाइल घड्याळजीच्या रक्ताळलेल्या तोंडासमोर धरला. “वाच! एकोणीस वेळा!”

घड्याळजीने वाचलं. त्याचे कान लाल झाले. भीतीपेक्षा लाजच जास्त दिसत होती.

“तुम्ही... तुम्ही हे सगळं वाचलंत?”

“सगळं! गळा धरला ते पण!” हातोड्याने त्याला केसांना धरून उठवलं आणि भिंतीवर आपटलं. एकदा. दुसऱ्यांदा. भिंतीवर लाल ठसा उमटला. “आज मी तिला घेऊन जाणार. परत तिच्या वाऱ्याला उभा राहिलास तर जिवंत सोडणार नाही. कळलं?”

घड्याळजी घसरत खाली बसला. हातोड्याने शर्टाला हात पुसले आणि तो दाराकडे वळला. जिन्यात पावलं वाजत होती. चिमणी आली होती.

मागून त्याचा पाय कुणीतरी धरला. घड्याळजी काचांवरून सरपटत आला होता आणि दोन्ही हातांनी त्याच्या पोटरीला घट्ट बिलगला होता. पावलं मजल्यावर पोचली, तसं त्याने डोकं खांद्यांत ओढून घेतलं.

“दादा, हवं तर अजून मारा,” तो कुजबुजला, “पण जाऊ नका. तुम्ही घरात असलात की ती हात उगारत नाही.”